उंची की चपळाई? खो-खोचा संघ निवडताना

आकाशवाणी सोलापूरनं विषय दिला तो असा : खेळाडू निवडताना उंची बघायची की चपळाई? मी भवानी पेठेतला, जन्मभर शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजवलेला माणूस. मला कुठलाही खेळ विचारा, मी खो-खोवरच येणार. तसा आजही येणार आहे. पण आधी जरा लांबचं सांगतो.

अमेरिकेत त्यांचा जो फुटबॉल आहे, हातात चेंडू घेऊन पळायचा, त्यात लांब पळत जाऊन फेकलेला चेंडू झेलणारा एक गडी असतो. त्याला वाइड रिसीव्हर म्हणतात. तिथले व्यावसायिक संघ दरवर्षी एप्रिलमध्ये कॉलेजातली पोरं पाळीपाळीनं निवडतात. त्याच्या आधी त्यांना चाळीस यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर पळवून घड्याळ लावतात. २०२४ साली झेवियर वर्दी नावाचा जेमतेम ७५ किलोचा पोरगा हे अंतर ४.२१ सेकंदांत पळाला. तो तिथला विक्रम आहे. त्याला पहिल्याच फेरीत घेतलं. उलट २०१९ साली डीके मेटकाफ, सहा फूट तीन इंच, शंभर किलोच्या वर वजन आणि तरीही ४.३३ सेकंद, असा गडी चौसष्टाव्या क्रमांकापर्यंत थांबला. पुढं तो नावाजलेला खेळाडू झाला. आणि या जागेवरचा आजवरचा सगळ्यात मोठा खेळाडू मानतात तो जेरी राइस. तो घड्याळावर कधीच फार वेगवान नव्हता. १९८५ साली तो सोळावा निवडला गेला आणि चेंडू झेलून कापलेल्या अंतराचा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. म्हणजे एवढी मोजमापं, एवढा पैसा, तरी फसगत होतेच.

आता आपल्याकडे या. खो-खोचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत साधारण २४ मीटर. मधल्या पाटीवर आठ गडी बसलेले, नववा पाठलाग करणारा. बसलेल्यांची तोंडं आळीपाळीनं उलट दिशांना. उठलेल्यानं एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत मागं फिरता येत नाही. मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणारा मात्र बसलेल्यांच्या मधून कुठूनही इकडून तिकडं जाऊ शकतो. हे सगळं तुम्हाला माहीत आहे, शाळेत प्रत्येकजण कधी ना कधी खो-खो खेळलेला असतो. तरी सांगतो, कारण सगळं उत्तर यातच आहे. या मैदानात सरळ शंभर मीटर पळायला जागाच नाही. मग आमचे शिक्षक निवड चाचणीला शंभर मीटर का पळवतात? हे मी कित्येक शिबिरांत विचारलंय आणि आज रेडिओवरूनही विचारतो.

इथं बघायचं काय, तर उठणं. पुन्हा सांगतो, उठणं. पाठीवर थाप पडली, कानावर 'खो' आला, की बसलेला गडी पाटीवरून सुटतो कसा? काहीजण एक पाय पुढं, एक मागं ठेवून बसतात. काही दोन्ही पाय बरोबरीत ठेवतात. ज्याचं ढुंगण टाचेला टेकलंय आणि हात मांडीवर विसावलेत, तो उठेपर्यंत पळणारा दोन पाट्या पुढं गेलेला असतो. ज्याचं वजन पुढच्या पायाच्या चवड्यावर आलंय, हाताची बोटं जमिनीला टेकलीत, त्याचं पहिलं पाऊल 'खो'च्या आवाजासरशीच पडतं. मला खो-खोतली सगळ्यात देखणी गोष्ट कुठली विचाराल, तर ती हीच. लोक पाठलाग करणाऱ्यानं हवेत झेपावून मारलेला सूर बघायला येतात. मी बसलेल्यांचे पाय बघतो. नुसते पाय बघून तुम्हाला सांगता येईल, की हा गडी आज किती जणांना बाद करणार.

इथं उंच मुलाची अडचण होते. लांब मांड्या, लांब नडग्या. एवढं अंग घडी घालून बसवायचं आणि क्षणात उलगडायचं, त्याला वेळ लागतो. पळतीला, म्हणजे पळायची पाळी आली की, तर आणखी अवघड. बसलेल्या दोघांच्या मधून साखळी खेळत जायचं, कंबरेत वाकायचं, हुलकावणी द्यायची, यात बुटका, सडपातळ पोरगा बाजी मारतो. आमच्या पेठेत यंत्रमागाचा धोटा सगळ्यांनी पाहिलाय. तो नुसता वेगानं जाऊन चालत नाही, टोकाला थांबून लगेच परत फिरावा लागतो. नाही फिरला तर सूत तुटतं. पळतीच्या गड्याचं तसंच आहे. थांबता येणं आणि फिरता येणं, याला मी चपळाई म्हणतो. घड्याळातला वेग वेगळा आणि ही वेगळी.

पण म्हणून उंची वाया गेली असं समजू नका. खांबाजवळ या. खांब जमिनीपासून १२० ते १२५ सेंटीमीटर उंच. एका हातानं खांब धरून, अंग झोकून, दुसऱ्या हातानं पळणाऱ्याला टिपायचं असतं. तिथं लांब हात असेल तर वीतभर जास्त मिळतं, आणि वीतभरातच गडी बाद होतो. सूर मारतानाही तसंच. २०२२ साली अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक लीग पुण्यात बालेवाडीला सुरू झाली, तेव्हा साध्या स्पर्शाला दोन गुण आणि सूर मारून किंवा खांबावरून टिपलं तर तीन गुण असा नियम केला. सहा संघांनी ड्राफ्ट करून, म्हणजे अमेरिकेसारखेच पाळीपाळीनं खेळाडू निवडले. आता विचार करा, एका सुराला एक गुण जास्त मिळणार असेल तर लांब हाताच्या आक्रमकाचा भाव वाढणारच. नियम बदलला की अंगकाठीची किंमत बदलते. निवड करणाऱ्यानं आधी नियमपुस्तक वाचावं, मग मुलांकडं बघावं.

आपल्या जिल्ह्याचं उदाहरण घ्या. माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप. या लीगमध्ये तो चेन्नई क्विक गन्सकडून खेळला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, त्यात तो भारताच्या संघात होता. अंतिम सामन्यात नेपाळविरुद्ध त्यानं सूर मारून गडी टिपला, आणि आपण ५४-३६ असे जिंकलो. त्याच्याकडं बघताना लक्षात येतं, सूर लांब जातो तो नुसत्या हाताच्या लांबीनं नाही. सूर कुठल्या पावलावर मारायचा हे कळावं लागतं. अर्धं पाऊल आधी मारला तर हात रिकामा, अर्धं पाऊल उशिरा मारला तर पळणारा निसटलेला.

निवेदिका बाई खूण करतायत, वेळ संपत आलाय. मला अजून पळतीच्या तुकड्या, मातीचं मैदान आणि मॅट, बरंच बोलायचं होतं. ते राहू द्या. दोन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात.

पहिली, माझ्या शिक्षक बंधूंना. बारा-तेरा वर्षांच्या मुलांची रांग लावून उंच तेवढी बाजूला काढायची सवय सोडा. त्या वयात काहीजण लवकर वाढतात, काही उशिरा. आज जो संघात सगळ्यांत उंच, तो सतराव्या वर्षी मधल्या फळीत असतो. आणि ज्याला तुम्ही 'लहान आहे' म्हणून घरी पाठवलंत, तो तोवर मैदान सोडून गेलेला असतो. उंची पुढं वाढेल. पहिलं पाऊल मात्र लहानपणीच घोटून घ्यावं लागतं.

दुसरी, आईवडिलांना. मुलगी नववीत गेली की तिचं मैदान बंद करू नका. पंढरपूर तालुक्यातल्या वाडीकुरोलीच्या मुलींचा खेळ एकदा जाऊन बघा. शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळे यांनी २०१६ साली गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताचं नेतृत्व करून सुवर्ण जिंकलं, आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. दिल्लीच्या त्याच विश्वचषकात आपल्या मुलींनीही नेपाळला ७८-४० असं हरवलं, आणि त्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राचीच.

तेव्हा पुढच्या निवड चाचणीला शंभर मीटरची रेघ आखू नका. मुलांना पाटीवर बसवा, 'खो' द्या, आणि पहिली दोन पावलं बघा. उंची त्यानंतर मोजा.