खायचा सोडा आणि माझं ॲक्रोपोरा

मागे पंपाची घरघर ऐकू येईल, सांभाळून घ्या. म्युनिकच्या माझ्या हॉलमधला रीफ टँक आहे तो. पुण्यात हा ठेवताच आला नसता. आपल्याकडे सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

प्रवाळ आपला सांगाडा पाण्यातल्या कॅल्शियम आणि कार्बोनेटपासून बांधतं. कार्बोनेट-बायकार्बोनेटचा हा साठा म्हणजे ढोबळमानाने अल्कलिनिटी. मोजायची डीकेएचमध्ये, समुद्रात साधारण ७. टँकमध्ये पाणी ते किती! साठा रोज घटतो, आणि भरायचा आपणच.

गेल्या दिवाळीत तीन आठवडे घरी गेलो. परत आलो तर ९ चं झालं होतं ६. घाबरलो. हिशोब सोपा वाटला: १०० लिटरला ३ ग्रॅम खायचा सोडा म्हणजे १ डीकेएच. टँक २०० लिटरचा, वाढवायचे ३, म्हणजे १८ ग्रॅम. एकदम ओतला आणि झोपलो.

सकाळी रीडिंग १०! अरे, दगड आणि वाळू जागा खातात ना. खरं पाणी जेमतेम १५० लिटर. दुपारपर्यंत ॲक्रोपोराची टोकं पांढरी, आणि चार दिवसांत बुडापासून कातडी सुटायला लागली. दीड वर्ष वाढवलं होतं हो.

१० हा आकडा वाईट नाही. कुणी ८ वर ठेवतं, कुणी ११ वर. ६ वरून एका रात्रीत १०, हे वाईट. आणि शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनला हात लावू नका म्हणून ज्युनिअर्सना ओरडणारा मीच!

मग चार दिवस सोडा बंद ठेवून रोज रात्री एकाच वेळेला टेस्ट केली. रोज ०.५ घटत होतं. १५० लिटरला सव्वादोन ग्रॅम. आता तेवढा सोडा आरओच्या पाण्यात विरघळवून डोसिंग पंप दिवसभर थोडा थोडा सोडतो. कॅल्शियमचा डोस वेगळ्या वेळी, नाहीतर पाणी दुधाळ होतं. पातळी खूप खाली गेली असेल तर दिवसाला अर्धा डीकेएच चढवा, फार तर एक. आणि बेकिंग पावडर नको, तिच्यात आम्ल असतं.

बूड सोलवटत असताना मी वरचं एक टोक कापून दगडावर चिकटवलं होतं. नखाएवढं. त्याला आता दोन फांद्या फुटल्यात. त्या वाढल्या की ०.५ चं ०.६ होणार, म्हणून दर रविवारी टेस्ट. आजची राहिलीय. चला, भेटू.