आपत्ती-योजना कोणाच्या हाती?

(पक्षाच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



१९८४ सालच्या २ आणि ३ डिसेंबरमधील रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट शहरावर पसरला. मध्य प्रदेश सरकारने मृतांचा आकडा पुढे ३,७८७ असा मान्य केला. पीडितांच्या संघटना तो याहून कितीतरी मोठा मानतात. त्या रात्रीबद्दल दोन निराळे प्रश्न विचारावे लागतात. वायू का सुटला, हा पहिला. तो सुटल्यावर इतकी माणसे का मेली, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाची चर्चा पुष्कळ झाली. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा खर्चकपातीसाठी बंद होती, वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची नळी काढून ठेवलेली होती, वायू निष्प्रभ करणारी यंत्रणा कुचकामी ठरली, हे सर्व जगजाहीर आहे. स्थानिक आपत्ती-योजनेचा विषय दुसऱ्या प्रश्नातून जन्माला येतो.

अज्ञानाने घेतलेले बळी

वस्तीला सावध करणारा भोंगा थोडा वेळ वाजून बंद झाला. जयप्रकाश नगरातील व आसपासच्या वस्त्यांतील लोक खोकत जागे झाले आणि वाट फुटेल तिकडे धावले. अनेकजण वायूच्याच दिशेने धावले. तोंडावर ओला कपडा धरावा, धावू नये, वाऱ्याला आडव्या दिशेने बाहेर पडावे, एवढी तीन वाक्ये त्या वस्त्यांना कोणी आधी सांगितली असती तरी असंख्य प्राण वाचले असते. ही वाक्ये सांगायला पैसा लागत नव्हता. परंतु ती सांगायची म्हणजे कारखान्यात प्राणघातक विष साठवले आहे, हे आधी कबूल करावे लागले असते. मालकवर्गाला तेच नको होते. इस्पितळातील डॉक्टरांनाही वायू कोणता व उपचार काय, हे ठाऊक नव्हते. व्यापारी गुपिताच्या नावाखाली राखलेले मौन त्या रात्री विषाइतकेच मारक ठरले.

भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ पासूनच या धोक्याविषयी लिहिले होते. इशारा नव्हता असे नाही; तो ऐकणे ज्याचे कायदेशीर कर्तव्य ठरेल अशी यंत्रणा नव्हती.

कायदे झाले, पुढे काय?

जनतेच्या संतापाने राज्यकर्त्यांना काही कायदे करावे लागले. १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांवरचे स्वतंत्र प्रकरण घातले गेले. धोक्याची माहिती कामगार व शेजारची जनता यांना देणे मालकावर बंधनकारक झाले आणि नजीकच्या धोक्याकडे लक्ष वेधण्याचा कामगाराचा हक्क मान्य झाला. १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांनी दोन योजना सक्तीच्या केल्या. कारखान्याच्या आतील योजना मालकाने करावयाची, तर भिंतीबाहेरील योजना जिल्हा प्रशासनाने. १९९६ च्या रासायनिक अपघातविषयक नियमांनी केंद्रापासून औद्योगिक वसाहतीपर्यंत आपत्ती गटांची उतरंड उभी केली.

यातील सर्वांत खालचा, स्थानिक गट सर्वांत महत्त्वाचा होय. वायू पसरतो तेव्हा राजधानीतील समिती उपयोगी पडत नाही. या गटाने दरमहा बैठक घ्यावी, परिसराची योजना तयार करावी, लोकांना शिक्षण द्यावे, दर सहा महिन्यांनी किमान एक पूर्ण सराव करावा आणि लोकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत, असे नियम सांगतात. गटात प्रांताधिकारी, कारखाने निरीक्षक, अग्निशमन व पोलीस अधिकारी, आरोग्य अधिकारी, रसायनांचे वाहतूकदार, स्थानिक वृत्तपत्राचा संपादक, जवळच्या गावचा सरपंच, डॉक्टर आणि समाजसेवक आहेत. कामगार संघटनेचा प्रतिनिधी मात्र नाही. तो जिल्हा गटात आहे. एकच, आणि तोही जिल्हाधिकाऱ्याने नेमलेला. कोणती झडप गळते, कोणता भोंगा नादुरुस्त आहे, रात्रपाळीला किती माणसे असतात हे ज्याला रोजच्या रोज दिसते, त्यालाच योजना आखणाऱ्यांच्या पंगतीत जागा नाही. ही केवळ अनवधानाने राहिलेली उणीव समजणे भाबडेपणाचे ठरेल.

कागदावरील योजनेची किंमत ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमजवळच्या आर. आर. वेंकटापुरम गावाने मोजली. एलजी पॉलिमर्सच्या टाकीतील स्टायरीन तापून त्याची वाफ गावात शिरली. १२ जण दगावले, शेकडो इस्पितळात गेले. राज्य सरकारच्या उच्चाधिकार समितीला आढळले की कारखान्यात भोंगा वाजविण्याची ३६ ठिकाणे होती, तरी भोंगा वाजला नाही. भोपाळनंतर छत्तीस वर्षांनीही झोपलेल्या गावाला जागे केले ते विषाने. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी झालेल्या स्फोटांनी कारखाना आणि घर यांतील अंतर किती नाममात्र आहे, ते पुन्हा दाखविले. वस्ती कारखान्याला चिकटते ती हौसेने नव्हे. जेथे काम, तेथेच परवडणारी खोली, हा भांडवली शहराचा नियम आहे.

अमेरिकेचा धडा

युनियन कार्बाइडच्याच वेस्ट व्हर्जिनियातील इन्स्टिट्यूट येथील कारखान्यातून ऑगस्ट १९८५ मध्ये विषारी वायू सुटला, आणि १९८६ साली अमेरिकन काँग्रेसने स्थानिक आपत्ती-नियोजन समित्या व जनतेचा माहितीचा हक्क यांचा कायदा केला. पण तो हक्क वरून बहाल झालेला नव्हता. कामगार संघटना व नागरिकांच्या गटांनी लढून फिलाडेल्फिया शहरात १९८१ सालीच असा स्थानिक कायदा करवून घेतला होता. आणि जेथे हा रेटा नाही, तेथे कायदा तेथेही पांगळा ठरतो. टेक्सासमधील वेस्ट या गावी १७ एप्रिल २०१३ रोजी खताच्या कोठारातील अमोनियम नायट्रेटचा स्फोट होऊन १५ जण मेले. त्यांत आग विझविण्यास धावलेले स्वयंसेवक बहुसंख्य होते. शाळा, घरे व वृद्धाश्रम कोठाराच्या शेजारीच होते.

आज देशात वारे उलट दिशेने वाहत आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने कारखाने कायद्याची जागा घेतली. विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० कामगारांवरून २० वर आणि विजेशिवाय चालणाऱ्याची २० वरून ४० वर नेण्यात आली. ‘उद्योगसुलभता’ या गोंडस शब्दाआड निरीक्षणाची धार बोथट केली जात आहे.

शाखांपुढील कामे

म्हणून प्रत्येक शाखेने हा प्रश्न हाती घेतला पाहिजे. पहिले काम म्हणजे परिसराची पाहणी. मोठे रासायनिक कारखाने तर आहेतच. परंतु शीतगृहातील अमोनिया, पाणीपुरवठा केंद्रातील क्लोरीनची टाकी आणि महामार्गावरचा टँकर यांचीही नोंद हवी. टँकरच्या पाटीवरील क्रमांक वाचता येणे हेही शिक्षणच आहे: १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ म्हणजे अमोनिया.

दुसरे, स्थानिक आपत्ती गट अस्तित्वात आहे काय, त्याची शेवटची बैठक व शेवटचा सराव केव्हा झाला, हे माहितीच्या अधिकाराखाली विचारावे. भिंतीबाहेरील योजनेची प्रत मागावी आणि ती लोकांच्या भाषेत चौकाचौकांत लावण्याचा आग्रह धरावा. तेलुगू, हिंदी, ओडिया बोलणाऱ्या कामगाराला इंग्रजी सूचना नसल्यासारखीच.

तिसरे, कामगार संघटना व वस्ती यांची एकजूट. कारखाना बंद पडेल या भीतीने कामगार गप्प बसतो आणि वस्ती कामगाराला कारखान्याचा माणूस समजते. ही फूट मालकाच्या पथ्यावर पडते. प्रत्यक्षात गळतीचा पहिला बळी आत ठरतो आणि दुसरा त्याच्याच घरी. कंत्राटी कामगारांना प्रशिक्षण, स्थानिक गटात संघटनेने निवडलेला प्रतिनिधी आणि रात्रीच्या वेळी सराव, या मागण्या दोघांच्याही आहेत.

भोपाळच्या कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा तेथून हलविण्यास जानेवारी २०२५ उजाडावे लागले. पिथमपूरच्या जनतेने तो आपल्या गावी जाळण्यास विरोध केला; त्यांना विचारण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. जनतेला न विचारता आखलेली योजना जनतेला वाचवीत नाही, हा भोपाळचा धडा चाळीस वर्षांनंतरही तितकाच ताजा आहे. तो अमलात आणविणे हे संघटित कामगारवर्गाचे काम आहे, आणि त्याचा आरंभ प्रत्येक शाखेच्या पुढच्या बैठकीतच झाला पाहिजे.