पगार हीच मदत



अफगाणिस्तानाला मदत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गव्हाची पोती, ब्लँकेटे आणि तंबू येतात. या वस्तू लागतातच, आणि त्या पाठवणाऱ्यांत आपला देशही आहे. २०२२च्या फेब्रुवारीत अटारी-वाघामार्गे भारताचा गहू निघाला. ५० हजार टनांचे ते आश्वासन होते आणि वाटपाचे काम संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाकडे होते. एवढी उलाढाल सरकारेच करू शकतात. मला आज बोलायचे आहे ते पदरचे हजार-पाच हजार देऊ इच्छिणाऱ्या माणसाबद्दल. त्याने ते कोणाला द्यावेत? माझे उत्तर असे : जी संस्था अफगाण माणसाला कामावर ठेवते, त्याला वेळेवर पगार देते आणि काम कसे करायचे हे त्याला विचारून ठरवते, तिला द्यावेत; आणि त्यातही जी बायकांना पगार देते, तिला आधी. हे मत कनवाळूपणातून आलेले नाही. गेल्या पंचवीस वर्षांचा पुरावा तिकडे बोट दाखवतो. तो पुरावा आणि त्यावरचे आक्षेप, दोन्ही तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात २०२१पासून करू. १५ ऑगस्टला काबूल तालिबानच्या हाती गेले. त्याआधी अफगाण सरकारच्या खर्चाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग परदेशी अनुदानातून भागत होता. ते अनुदान एका आठवड्यात थांबले आणि मध्यवर्ती बँकेची अमेरिकेतली सुमारे ७०० कोटी डॉलरची गंगाजळी गोठवली गेली. आरोग्यसेवेवर याचा परिणाम कसा झाला ते पाहण्यासारखे आहे. २००३पासून तिथल्या जिल्ह्या-तालुक्यांतले दवाखाने बव्हंशी सरकार स्वतः चालवत नव्हते. ते कंत्राटाने स्वयंसेवी संस्थांकडे दिलेले होते, आणि त्यांतल्या अनेक संस्था अफगाणच होत्या. त्यामुळे सरकार कोसळले तरी डॉक्टर, परिचारिका, सुईणी जागेवर होत्या. इमारती होत्या, खाटा होत्या. बंद पडला तो पगार. काही महिने लोकांनी बिनपगारी काम केले, मग एकेक जण गळू लागला. त्या नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीने १८ रुग्णालयांचा भार उचलला आणि पुढे ही संख्या ३३वर नेली. औषधे आणि जनरेटरचे डिझेल तिने दिलेच, पण मुख्य खर्च होता तो दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या पगाराचा. म्हणजे देशभरची रुग्णालये त्या हिवाळ्यात तगली ती बऱ्याच अंशी पगारपत्रकामुळे.

दुसरा पुरावा बाळंतपणाचा. २००२च्या पाहणीत अफगाणिस्तानात दर लाख जिवंत जन्मांमागे सुमारे १६०० माता दगावत होत्या, आणि बदख्शानच्या राघ जिल्ह्यात तर हा आकडा ६५०० इतका भयंकर निघाला. त्या वेळी सगळ्या देशात शिकलेल्या सुईणी पाचशेसुद्धा नव्हत्या. मग जी योजना आली तिची मेख निवडीत होती. मुलगी गावाने निवडायची, तिला दीड-दोन वर्षे जवळच्या शहरात शिकवायचे आणि तिने परत आपल्याच भागात येऊन काम करायचे. बाहेरून आणलेली परिचारिका डोंगराळ मुलुखात टिकत नव्हती. गावची मुलगी टिकली, कारण तिथेच तिचे घर होते आणि तिच्या हाती पगार येत होता. २०२०च्या अंदाजानुसार मातामृत्यूंचे ते प्रमाण ६२०च्या आसपास आले. रस्ते सुधारले, दवाखाने वाढले, हेही त्यामागे आहेच. पण जिथे बाईला पुरुष डॉक्टरने तपासणे अनेक घरांना चालत नाही, तिथे शिकलेल्या बाईशिवाय दवाखान्याच्या इमारतीचा उपयोग किती? डिसेंबर २०२४मध्ये तालिबानने मुलींना वैद्यकीय शिक्षणसंस्थांतूनही काढले. म्हणजे आज कामावर असलेली प्रत्येक सुईण ही तूर्त तिच्या पिढीतली शेवटची आहे. तिचा पगार चुकला आणि ती घरी बसली, तर तिची जागा घ्यायला कोणी नाही.

तिसरे उदाहरण जपानी डॉक्टर तेत्सू नाकामुरा यांचे. कुष्ठरुग्णांची सेवा करायला ते १९८४मध्ये पेशावरला आले. फुकुओका शहरातली पेशावर-काई नावाची संस्था त्यांच्या पाठीशी होती. ती चालते सामान्य सभासदांच्या देणग्यांवर. २०००च्या दुष्काळात नाकामुरांना दिसले की दवाखान्यात येणारी मुले मुळात पाण्यावाचून आजारी पडताहेत. २००३मध्ये त्यांनी कुनार नदीवरून कालवा काढायला घेतला. काँक्रीटची भव्य रचना त्यांनी टाळली. नदीत तिरका दगडी बांध घातला, जपानमधल्या अठराव्या शतकातल्या एका बांधाच्या धर्तीवर. कालव्याच्या काठांना तारेच्या जाळीत दगड भरून गॅबियन रचले. आपल्याकडे पाणलोटाची कामे पाहिलेल्यांना ते ओळखीचे वाटतील. त्यांच्यामागे वाळुंजाची झाडे लावली, म्हणजे मुळे दगडांत शिरून काठ धरून ठेवतील. कारण उघड होते : यंत्रे आणि इंजिनियर निघून गेल्यावर दुरुस्ती तिथल्या शेतकऱ्यालाच करायची होती, आणि दगड रचणे त्याला उपजत येत होते. रोजंदारीवर आलेल्यांत पाकिस्तानातून परतलेले निर्वासित होते. कालवा सुमारे २५ किलोमीटरचा झाला, आणि अशा कामांतून एकूण १६ हजार हेक्टरांच्या आसपास जमीन भिजू लागली. ४ डिसेंबर २०१९ला जलालाबादेत नाकामुरांची हत्या झाली. काम मात्र पुढे चालू राहिले, कारण ते करणारे हात सुरुवातीपासून अफगाण होते. हेच तत्त्व रेड क्रॉसच्या काबूलमधल्या कृत्रिम अवयव केंद्रात दिसते. इटालियन भौतिकोपचारतज्ज्ञ अल्बेर्तो कैरो १९९०पासून तिथे आहेत, आणि केंद्रातले बहुतेक कर्मचारी स्वतः अपंग आहेत. सुरुंगात पाय गमावलेला माणूस दुसऱ्याचा पाय बेततो, आणि महिन्याच्या शेवटी पगार घेऊन घरी जातो.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार असा की हा पैसा तालिबानच्या पोटात जातो. काही प्रमाणात जातो, हे नाकारण्यात अर्थ नाही. संस्थांवर कर लादले जातात, लाभार्थींच्या याद्यांत ढवळाढवळ होते. अमेरिकी सरकारच्या लेखातपासनीसांनीच हे वारंवार नोंदवले आहे. पण मग कोणती मदत पळवायला सर्वांत सोपी, हा प्रश्न विचारायला हवा. पोते वाटेत उतरवता येते, तंबू विकता येतो. दवाखान्यात रोज हजर राहणाऱ्या परिचारिकेचा पगार लाटणे त्या मानाने अवघड, कारण तो मिळाला नाही तर दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडत नाही आणि गावाला ते कळते. सुरक्षा परिषदेनेही २२ डिसेंबर २०२१च्या ठराव २६१५ने मानवतावादी मदत निर्बंधांतून वगळली आहे. आणि सुमारे एक वर्षाने, २४ डिसेंबर २०२२ला तालिबानने स्वयंसेवी संस्थांत बायकांना कामाची बंदी केली, तेव्हा काय झाले ते आठवा. सेव्ह द चिल्ड्रन, केअर, नॉर्वेची निर्वासित परिषद अशा बड्या संस्थांनी काम थांबवले. काही आठवड्यांत आरोग्यसेवेपुरती ढील मिळाली. बायकांशिवाय दवाखाना चालत नाही, हे सत्ताधाऱ्यांनाही मानावे लागले. ऑगस्ट २०२५च्या कुनार भूकंपात तेच सत्य उलट्या बाजूने दिसले : ढिगाऱ्याखालच्या आणि जखमी बायकांपर्यंत पोचायला मदत करणारी बाईमाणसेच कमी पडली.

दुसरा आक्षेप आपल्याकडे नेहमी ऐकू येतो : माझा रुपया गरिबापर्यंत पोचावा, संस्थेच्या पगारात मुरू नये. या वृत्तीमागे फसवणुकीचा अनुभव आहे आणि तो खोटा नाही. परंतु पगार म्हणजे गळती, हे गृहीतकच इथे चुकते. सुईणीचे वेतन हाच तिथला सेवेचा मुख्य खर्च असतो. तेव्हा संस्थेला टक्केवारी विचारण्यापेक्षा चार प्रश्न विचारावेत. तिचे किती कर्मचारी अफगाण आहेत? बायका किती, आणि बंदीमुळे घरी बसावे लागलेल्यांना ती पगार देते का? लेखापरीक्षित हिशेब ती छापते का? आणि एखादी शाळा किंवा केंद्र बंद पडले तर तेही सांगते का? चौथ्या प्रश्नाला जी संस्था उत्तर देते, तिच्या यशाच्या गोष्टींवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

तिसरा आक्षेप : आधी घरचे पाहा. मेळघाटात बालके कुपोषित असताना काबूल कशाला? याचे उत्तर असे की काही अफगाण आपल्या घरातच आहेत. भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. दिल्लीतले अफगाण संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या ओळखपत्रावर दिवस काढतात. रीतसर नोकरीचा दरवाजा त्यांना जवळजवळ बंद आहे. त्यांच्यातले कित्येक जण खासगी रुग्णालयांत अफगाण रुग्णांसाठी दुभाषाचे काम करत. २०२१नंतर व्हिसा जवळजवळ बंद झाले, रुग्ण येईनासे झाले आणि ती मिळकत आटली. अशा वेळी शिवणकाम, खानावळ, शिकवण्या यांतून कमाईची वाट काढणाऱ्या संस्थांचे मोल वाढते. दिल्लीतला सिलाईवाली हा उपक्रम अफगाण बायकांकडून कपड्यांच्या कारखान्यांतल्या चिंध्यांच्या बाहुल्या शिवून घेतो आणि त्या विकतो. पुण्याचा संबंध तर आणखी जवळचा. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर आणि स्वखर्चाने आलेली अफगाण मुले इथल्या विद्यापीठात वर्षानुवर्षे शिकत आली आहेत. २०२१मध्ये घरून पैसे येणे थांबले, आणि परतण्याचा रस्ताही.

इथे कायद्याची एक बाब लक्षात ठेवावी. भारतातल्या धर्मादाय न्यासाने आपले उत्पन्न परदेशात खर्च केले, तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या खास मंजुरीशिवाय त्यावर प्राप्तिकराची सूट मिळत नाही. म्हणून इथल्या एखाद्या संस्थेने वर्गणी गोळा करून काबूलला पाठवण्याचा बेत करू नये. इथल्या मंडळींनी इथल्या निर्वासितांसाठी काम करणाऱ्या, देणगीवर करसवलत मिळणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला द्यावे. परदेशातल्या मराठी माणसाने तिथल्या कायद्यानुसार अफगाणिस्तानात काम करणाऱ्या संस्थेला द्यावे. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टमध्ये मराठी आणि अफगाण वस्ती शेजारी-शेजारी आहे. तिथे अर्ज भरून देणे, मुलाखतीची तयारी करून घेणे, आपल्या कंपनीत शब्द टाकणे हेही दानच आहे.

शेवटी काळाची निकड. २०२५मध्ये इराण आणि पाकिस्तानातून वीस लाखांहून अधिक अफगाण परत ढकलले गेले, आणि त्याच वर्षी अमेरिकेने आपला हात आखडता घेतल्याने शेकडो दवाखाने बंद पडले. ही पोकळी तुमच्या-माझ्या देणगीने भरणार नाही. पण एक पगार भरता येतो, आणि तो दर महिन्याला भरता येतो. भूकंपानंतर एकदाच दिलेल्या दहा हजारांपेक्षा वर्षभर न चुकता दिलेले हजार रुपये संस्थेला अधिक उपयोगी पडतात, कारण त्यांच्या भरवशावर तिला माणूस नेमता येतो. देणार असाल तर तसे द्या.