हृदयाच्या शेवटच्या वाफ्यापर्यंत
(मालेगाव, जि. वाशीम येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



पाटात गाळ साचला की शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोहोचत नाही, हे आपणांस ठाऊक आहे. हृदयाचेही तसेच आहे. त्याच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांत चरबीचा थर साचला, तर विश्रांतीत निभावते. परंतु ओझे घेऊन चढ चढताना छाती दाटून येते.

अँजिओग्राफीत पाटातील गाळ दिसतो. वाफ्याला पाणी पुरते काय आणि तेथील पीक जिवंत आहे काय, हे मात्र अणुवैद्यकातील हृदयचित्रणाने कळू शकते. टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सर्गी द्रव्य जोडलेले औषध अल्प प्रमाणात शिरेतून देतात. एकदा श्रम ऐन भरात असताना, एकदा विश्रांतीत. ज्यास चालवत नाही त्याच्या हृदयावर औषधाने ताण आणतात. गॅमा कॅमेरा दोन्ही वेळची चित्रे टिपतो. श्रमात फिका दिसलेला भाग विश्रांतीत उजळला, तर तेथे रक्त अपुरे पडते, पण स्नायू जिवंत आहे. दोन्ही वेळी फिका राहिला, तर तेथे बहुधा जुन्या झटक्याचा व्रण असतो. औषधांवर भागेल की फुगा वा शस्त्रक्रिया लागेल, हे ठरविण्यास याचे साहाय्य होते.

या द्रव्याची किरणशक्ती दर ६ तासांनी निम्मी होते. मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून या शास्त्राचे कार्य करीत आहे.

तथापि ही चाचणी सरसकट सर्वांसाठी नाही. तिन्ही मुख्य रोहिण्या सारख्याच अरुंद असल्यास दोष झाकला जाऊ शकतो. ती मोठ्या शहरांतच होते; म्हणून खेप वाया जाऊ नये यासाठी जुने कागद व ईसीजी सोबत न्यावेत. आदल्या दिवसापासून चहा-कॉफी वर्ज्य करावी. नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याविना थांबवू नयेत. गरोदर वा स्तनदा मातेने तसे आधीच सांगावे.

आणि अखेरची, सर्वांत महत्त्वाची गोष्ट. छातीत अकस्मात कळ आली, घाम सुटला, तर ही वेळ या चाचणीची नव्हे. ‘वायू झाला असेल’ म्हणून रात्र काढू नका. १०८ ला दूरध्वनी करा, जवळच्या रुग्णालयात तत्काळ ईसीजी काढून घ्या. सुकलेल्या वाफ्याला नंतर कितीही पाणी दिले, तरी पीक परत येत नाही. एवढे आपण गावोगावी सांगितलेत, तरी अनेक घरांचा कर्ता माणूस वाचेल.