गमावलेले एक मिनिट

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



निवडीचे अर्थशास्त्र मी पंचवीस वर्षे वर्गात शिकवीत आले. परंतु निवडीला वेळेच्या रूपाने किती किंमत मोजावी लागते, हे मला वयाच्या चौपन्नाव्या वर्षी स्वीडनमधील उप्साला या विद्यापीठनगरीत कळले. अभ्यासदौऱ्यावर असताना तेथील एका लहानशा स्प्रिंट ओरिएंटियरिंग शर्यतीत मी प्रथमच धावले.

ओरिएंटियरिंग म्हणजे नकाशा व होकायंत्र यांच्या साहाय्याने नेमून दिलेले बिंदू क्रमाने व कमीत कमी वेळात गाठणे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्कँडिनेव्हियातील लष्करी प्रशिक्षणातून हा खेळ उदयास आला. त्याचा स्प्रिंट हा प्रकार मुख्यतः शहरातील गल्ल्यांत व उद्यानांत खेळला जातो. २००१ पासून जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत त्याचा समावेश झाला. नकाशाचे प्रमाण सामान्यतः १:४००० असते, म्हणजे कागदावरील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील ४० मीटर. अव्वल दर्जाच्या स्पर्धेत विजेता साधारणतः १२ ते १५ मिनिटांत शर्यत संपवतो. दोन बिंदूंमधील मार्ग मात्र ज्याचा त्याने ठरवायचा असतो.

उप्सालातून फ्यूरिस नदी वाहते. माझा तिसरा बिंदू पैलतीरावर होता. जवळच्या पुलावरून गेल्यास पुढे चढ होता, तर लांबच्या पुलाकडील वाट सपाट होती. सर्वोत्तम मार्ग कोणता, याचे गणित मांडत मी थबकले आणि एक मिनिट गमावले. माणसाची माहिती, वेळ व आकलन मर्यादित असल्याने तो पुरेसा चांगला पर्याय स्वीकारतो, असे प्रतिपादन १९७८ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे हर्बर्ट सायमन यांनी केले होते. मी ते शिकवले होते, आचरले नव्हते.

खरी चूक मात्र पुढे झाली. गमावलेले मिनिट भरून काढण्यासाठी मी वेग वाढवला. सातव्या बिंदूवर नारिंगी-पांढरे निशाण दिसताच सांकेतिक क्रमांक न वाचता नोंद केली. तो बिंदू दुसऱ्याच गटाचा होता. निकालपत्रात माझ्या नावापुढे वेळेऐवजी ‘अपात्र’ असा शेरा आला.

हीच साखळी शासकीय खर्चातही आढळते. वर्षभर निर्णय रखडतात आणि मार्चमध्ये खर्चाची घाई होते. म्हणूनच सामान्य वित्तीय नियम, २०१७ मध्ये वर्षअखेरीच्या अशा घाईला वित्तीय औचित्याचा भंग मानले आहे. कारण घाईत पैसा खर्च होतो, पण तो योग्य ठिकाणी पोहोचला की नाही, हे पाहायला उसंत उरत नाही.

आपल्या परीक्षेतही एखादा प्रश्न अधिक वेळ खाईल. ती हानी मर्यादित आहे, ती स्वीकारा. ती भरून काढण्याच्या घाईत पुढील प्रश्नातील ‘अयोग्य विधान निवडा’ ही सूचना वाचायची राहिली, तर येणारे उत्तरही चुकते आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत त्यापोटी एक तृतीयांश गुण कापले जातात.

पुढच्या शर्यतीत मी शेवटून दुसरी आले. मात्र प्रत्येक बिंदूचा क्रमांक वाचला होता आणि या वेळी नावापुढे वेळ नोंदवलेली होती.