जुन्या मोटारीच्या ब्रेकमधील हवा



मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींचा काळ ऑक्टोबर २०२३ मध्यें संपला. तरी आमच्या मंठ्यासारख्या गांवीं एखाद्या घरीं जुनी पद्मिनी अद्याप जपून ठेवलेली आढळेल. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत, फियाट ११०० च्या धर्तीवर बनलेली ही गाडी वर्षांतून चार वेळां, लग्नकार्याला म्हणून बाहेर निघते. आणि तेव्हां तींत घरचीं मुलेंबाळें बसतात. म्हणून इंजिनापेक्षां तिच्या ब्रेकची चौकशी आधीं केली पाहिजे.

हे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखा पोंचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेंत शिकलों आहों. पेडल दाबलें कीं मास्टर सिलिंडरमधील तेल तो दाब चारी चाकांपर्यंत नेतें. नळींत हवा शिरली, तर पायाचा जोर त्या हवेला दाबण्यांतच खर्च होतो व पेडल लिबलिबीत लागतें. बहुतेक जुन्या गाड्यांत तेलाची वाट एकच असे. त्यामुळें एका चाकाचा दोष चारी चाकांस भोंवतो. मात्र दाबून धरलेलें पेडल हळूहळू खालीं जात असेल, तर दोष गळतीचा किंवा मास्टर सिलिंडरच्या रबराचा समजावा. तो हवा काढून जात नाहीं.

हवा काढण्याचें द्वार म्हणजे ब्लीडर निप्पल. हवा वर जमते, म्हणून तें व्हील सिलिंडरच्या वरच्या अंगास, चाकामागील पत्र्याच्या बाहेर बसविलेलें असतें. षट्कोनी अंग, टोकाशीं बारीक छिद्र आणि वर रबरी टोपी, हीं त्याचीं लक्षणें होत. शेजारीं ज्या नटांत नळी शिरते, किंवा ज्या बोल्टानें लायनर जुळवितात, त्यांस या कामीं पाना लावूं नये. निप्पलाचें आंतील टोक शंकूसारखें निमुळतें असून तें बैठकीवर टेकून तेल अडवितें. आटे तेल अडवीत नाहींत. म्हणून बळें आवळल्यानें बैठक मात्र बिघडते.

गंजलेल्या निप्पलाशीं झटापट करूं नये. तारेच्या ब्रशानें घाण काढावी, गंज सोडविणारें तेल सोडून रात्रभर थांबावें, आणि षट्कोनांत नीट बसणारा रिंग पानाच वापरावा. निप्पल तुटलें, तर बहुधा सिलिंडरच बदलावा लागतो.

काम दोघांचें आहे. गाडी सपाट जागीं भक्कम टेकूवर घ्यावी; नुसत्या जॅकवर विसंबूं नये. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करावा. आपल्याकडील गाड्यांत तें बहुधा मागील डावें असतें. निप्पलाला पारदर्शक नळी लावून तिचें टोक बाटलींतील ताज्या तेलांत बुडवावें. एकानें पेडल दाबून धरावें, दुसऱ्यानें निप्पल अर्धा फेरा सैल करावें, आणि पेडल सोडण्यापूर्वीं तें बंद करावें. बुडबुडे थांबेपर्यंत हाच क्रम चालवावा. वरच्या डब्यांतील तेल संपूं देऊं नये. नाहींतर हवा पुन्हां आंत जाईल.

ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें. डॉट ३ जातीच्या कोरड्या तेलाचा उत्कलनबिंदु किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओल शिरल्यावर तो १४० पर्यंत उतरूं शकतो. मग उतारावर ब्रेक तापले कीं तेलाचीच वाफ होते, आणि वाफहि हवेसारखीच दबते. म्हणून गाडी उभी असली तरी दर दोन वर्षांनीं तेल बदलावें. इंजिन ऑइल अथवा रॉकेल त्यांत कधींहि घालूं नये. रबर फुगून ब्रेक निकामी होतात. तेल रंगावर सांडलें, तर लगेच पाण्यानें धुवावें.

शेवटीं निप्पलांवर रबरी टोप्या बसवाव्यात, म्हणजे छिद्रांत धूळ व पाणी जाणार नाहीं. पेडल मिनिटभर जोरानें दाबून धरून प्रत्येक चाकामागें ओल दिसते काय, तें पाहावें. नंतर मोकळ्या सपाट रस्त्यावर मंद गतीनें परीक्षा घ्यावी. पेडल पुन्हां लिबलिबीत लागलें, तर वऱ्हाड दुसऱ्या गाडीनें न्यावें.