शर्यतीची गाडी आणि रोजचा रस्ता

महालक्ष्मीच्या मैदानावर धांवलेला शर्यतीचा घोडा दुसऱ्या दिवशीं सकाळीं टांग्याला जुंपलेला कोणीं पाहिला आहे काय? टांग्याच्या घोड्याला गर्दी सोसावी लागते, ऊन सोसावें लागतें, दहा पावलांवर थांबावें व पुन्हां निघावें लागतें. शर्यतीच्या घोड्याचा पिंडच निराळा. दोन मिनिटांच्या धांवेसाठीं वर्षभर त्याची जोपासना व्हावयाची. दोन्ही घोडेच; पण एकाचें काम दुसऱ्याकडून करून घेण्याचा हट्ट कोणी शहाणा मनुष्य धरीत नाहीं. मोटारींच्या जगांत मात्र हा हट्ट पन्नासांहून अधिक वर्षें चालू आहे, आणि नवल असें कीं, तो सर्वस्वीं फसलेलाही नाहीं. शर्यतीच्या बंदिस्त मार्गासाठीं घडविलेली, तरी कायद्यानें रस्त्यावर आणतां येईल अशी मोटार विकत घेऊन तिच्यांतूनच रोज कचेरीला जाणारे व परततांना भाजी आणणारे लोक आहेत. हें कितपत साधतें, आणि साधण्यासाठीं काय मोजावें लागतें, हा प्रश्न वरवर श्रीमंतांच्या हौसेचा दिसतो. पण त्यांत रस्त्यानें जाणाऱ्या सर्वांच्याच जिवाचा संबंध येतो.

याचें एक बोधप्रद उदाहरण जर्मनींतील स्टुटगार्ट येथील पोर्शे कारखान्याच्या इतिहासांत सांपडतें. या कारखान्यानें १९७२ च्या ऑक्टोबरांत पॅरिसच्या प्रदर्शनांत ‘९११ कॅरेरा आर.एस. २.७’ नांवाची गाडी मांडली. ज्या वर्गाच्या शर्यतींत ती उतरवावयाची होती, त्याच्या नियमानुसार तशा किमान ५०० गाड्या तयार होणें आवश्यक होतें. इंजिन २१० अश्वशक्तींचें. पण खरी करामत इंजिनांत नसून वजनांत होती. पत्रा पातळ केला, कांचा पातळ केल्या, मागची बैठक काढली, गालिचा काढला, घड्याळ काढलें, हात टेकावयाच्या दांड्या व कोट अडकवावयाच्या खुंट्याही काढल्या. कारखान्याचें धातूचें मानचिन्हसुद्धां जाऊन त्या जागीं कागदी चित्र चिकटविण्यांत आलें. अशा रीतीनें गाडीचें वजन ९६० किलोग्रॅमपर्यंत उतरलें. इतकी बोडकी गाडी ५०० लोक घेतील कीं नाहीं, याची विक्रीखात्याला शंका होती.

लोकांनीं ती घेतली. १९७३ च्या जुलैपर्यंत ५०० नव्हे, तर १५८० गाड्या तयार झाल्या. पण त्यांतील मौज आंकडे फोडून पाहिल्यावांचून कळत नाहीं. हलक्या वजनाच्या गाड्या फक्त २०० खपल्या. शर्यतीसाठीं खास सजविलेल्या ५५ निघाल्या. उरलेल्यांपैकीं १३०८ गाड्या ‘टूरिंग’ म्हणजे प्रवासी थाटाच्या होत्या. त्यांत काढून टाकलेल्या सुखसोयी पुन्हां बसविलेल्या असत, आणि त्यासाठीं गिऱ्हाईक अधिक दाम मोजीत असे. या गाडीचें वजन १०७५ किलोग्रॅम भरे. मोठ्या कष्टानें काढलेले ११५ किलोग्रॅम, जवळजवळ दर सहांपैकीं पांच गिऱ्हाइकांनीं पैसे देऊन परत मागून घेतले! शर्यतीच्या गाडीचें नांव व रूप सर्वांस हवें होतें. तिचें व्रत मात्र थोड्यांनाच झेपणारें होतें.

या व्रताचें मर्म समजण्यासाठीं जर्मनींतीलच न्यूर्बुर्गरिंग या स्थळाकडे वळलें पाहिजे. आयफेलच्या डोंगराळ रानांतून जाणारा हा मार्ग १९२७ मध्यें खुला झाला. त्याचा उत्तरेकडील फेरा आज २०.८ किलोमीटरांचा आहे, आणि ठराविक वेळीं ठराविक पैसे भरून कोणाही नागरिकाला आपली गाडी तेथें नेतां येते. घरून गाडी हांकीत यावें, चार फेरे मारावे, आणि त्याच गाडीनें घरीं परतावें, असा तेथील हौशी लोकांचा परिपाठ आहे. अशा मालकांना नजरेसमोर ठेवून पोर्शेनें १९९९ मध्यें ‘९११ जीटी३’ ही ३६० अश्वशक्तींची गाडी काढली. त्याच वर्षीं वॉल्टर रोर्ल या नामांकित चालकानें ती या फेऱ्यावर आठ मिनिटांच्या आंत नेली. या जातीच्या गाडीचा जन्म असा दोन घरांच्या सीमेवर झालेला आहे. अर्धी ती शर्यतीची, अर्धी रस्त्याची. प्रश्न येतो तो तिला सीमेवरून उचलून कायमची रस्त्याच्या घरांत नांदविण्याचा.

रोजच्या रस्त्यावर पहिली तक्रार बहुधा पाठीचा कणा करतो. नेहमींच्या मोटारींत चाक आणि बसणारा मनुष्य यांच्यामध्यें अनेक मऊ वस्तू असतात: नरम स्प्रिंगा, सांध्यांतील रबरी गुटके, जाड गादी. खड्ड्याचा हादरा यांतून गाळून, मवाळ होऊन माणसापर्यंत पोंचतो. शर्यतीच्या मार्गावर हाच मवाळपणा दोष ठरतो. कारण वळणावर रबर दबतें, चाकाचा कोन किंचित् ढळतो, आणि चालकाच्या हातीं येणारी रस्त्याची खबर अस्पष्ट होते. म्हणून स्प्रिंगा कडक करावयाच्या, रबराच्या जागीं धातूचे गोल सांधे बसवावयाचे, आणि अंगासरशी घट्ट बसणारी टणक बैठक द्यावयाची. गुळगुळीत मार्गावर ही रचना अप्रतिम काम देते; पण पालिकेनें खणून बुजविलेल्या रस्त्यावर तीच रचना प्रत्येक खडा मोजून दाखविते.

मात्र पाठीचें दुखणें अखेर ज्याचें त्याला. टायरांची गोष्ट तशी नाहीं. गाडी जमिनीला टेकते ती चार ठिकाणीं, आणि प्रत्येक ठिकाणीं साधारण एका तळहाताएवढी. वेग, वळण आणि थांबणें हें सारें या चार तळहातांवर अवलंबून. शर्यतीकडे झुकलेल्या टायरांचें रबर असें मिसळलेलें असतें कीं, तें तापल्यावर रस्त्याला चिकटून धरतें. त्यांवरील खांचाही थोड्या व उथळ असतात, म्हणजे अधिक रबर जमिनीला लागतें. पण कचेरीला जाणाऱ्या गाडीचे टायर तापतात कोठें? थंडीच्या पहाटे तें रबर ताठर असतें, आणि सामान्य टायर जेथें सहज धरून ठेवील तेथें हें घसरूं शकतें. पावसांत तर धोका दुहेरी. टायराखालचें पाणी वाहून नेण्याचें काम खांचा करतात. त्या उथळ असल्या म्हणजे वेगांत टायर पाण्यावर तरंगूं लागतो, आणि मग सुकाणूचक्र फिरविलें तरी गाडी सरळच जाते. असे टायर देतांना हा इशारा कारखाने स्वतःच देतात.

ब्रेकचेंही तेंच. शर्यतीचे ब्रेक-गुटके तापल्यावाचून नीट पकड घेत नाहींत, आणि गार असतांना किंचाळतात. इंजिनाच्या तेलाला पुरता ऊबारा येईपर्यंत इंजिन वरच्या फेऱ्यांत नेऊं नये, हा तर नियमच. आणि रोजचा प्रवास तीन-चार किलोमीटरांचा असेल तर तेल तापण्यापूर्वींच कचेरी येते. अशा तोकड्या फेऱ्यांनीं तेलांत बाष्प व इंधन सांचत जातें. क्लचचें उदाहरण पाहावयाचें तर पोर्शेच्याच ‘कॅरेरा जीटी’ या गाडीचें पाहावें. ही ६१२ अश्वशक्तींची गाडी २००३ मध्यें आली, आणि तिच्या इंजिनाचें मूळ शर्यतीसाठीं आंखलेल्या पण पुढें सोडून दिलेल्या एका योजनेंत होतें. तिच्या क्लचच्या सिरॅमिक तबकड्यांचा व्यास अवघा १६९ मिलिमीटर. इंजिन खालीं बसवावें व चटकन् फिरावें म्हणून तो इतका लहान केला. परिणामीं चौकांतील दिव्यापाशीं सावकाश निघतांना गाडी बंद पाडणें हा तिच्या नव्या मालकांचा नित्याचा अनुभव झाला.

याच जातीच्या एका गाडीची कहाणी हंसण्याजोगी नाहीं. १९१३ सालच्या बाल्यावस्थेंतील मोटारींची ही गोष्ट नव्हे, तर २०१३ सालची आहे. त्या वर्षीं ३० नोव्हेंबर रोजीं कॅलिफोर्नियांतील सांता क्लॅरिटा येथें एक कॅरेरा जीटी रस्त्याकडेच्या खांबावर व झाडांवर आदळली. तींत चालकाशेजारीं बसलेला चित्रपटनट पॉल वॉकर व चालक असे दोघेही मरण पावले. अधिकाऱ्यांच्या चौकशींत असें निघालें कीं, ताशीं सुमारें ७२ किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडी १३० ते १५० च्या वेगानें जात होती. वेग हेंच अपघाताचें कारण ठरलें. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट नमूद झाली: गाडीचे टायर नऊ वर्षांचे जुने होते. खांचा शाबूत दिसत असल्या तरी रबर काळानेंच कठीण होतें. अर्थात् गाडी रोज न वापरतां जपून ठेवली म्हणजे ती सुरक्षित राहिली, हीही समजूत खोटी. उलट रोज वापरणाऱ्याचे टायर झिजून बदलले तरी जातात.

आपल्याकडील रस्त्यांचा विचार केल्यास अडचण आणखी एका बाजूनें उभी राहते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या नमुन्याप्रमाणें गतिरोधक ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे तो सौम्य चढाचा होतो. प्रत्यक्षांत गल्लोगल्लीं जे उंचवटे घातलेले दिसतात त्यांनीं हा नमुना क्वचितच पाहिलेला असतो. जमिनीलगत धांवणाऱ्या गाडीचें नाक अशा ठिकाणीं घासतें. हें टाळण्यासाठीं जीटी३ च्या पुढील आवृत्तींत पुढचा भाग कळ दाबून सुमारें ३० मिलिमीटर उचलण्याची सोय देण्यांत आली. ३० मिलिमीटर म्हणजे दोन बोटांचें अंतर. पण त्या दोन बोटांवर गाडी घराच्या फाटकांतून आंत येते कीं बाहेर राहते, हें ठरतें. चार महिन्यांच्या पावसाळ्यांत उथळ खांचांचे टायर घालून मुंबईच्या रस्त्यांवर निघणें म्हणजे काय, हें मात्र कोणत्याही कळीनें टळणारें नाहीं.

मग ही हौस करणारे सारे वेडेच म्हणावयाचे काय? तसें नाहीं. ९११ जातीच्या गाडीचा बांधा आटोपशीर आहे, कांचेंतून बाहेरचें चांगलें दिसतें, आणि इंजिन मागें असल्यानें पुढें सामानाला जागा मिळते. शिवाय जो रोज अशी गाडी चालवितो त्याला एक लाभ होतो. नेहमींच्या मोटारींत मनुष्य हळूहळू झोंपाळूं लागतो. या गाडींत तें शक्य नाहीं. रस्ता ओला आहे कीं कोरडा, चढ संपला कीं नाहीं, टायर तापला कीं गार आहे, हें सर्व ती हाताला व पाठीला सांगत राहते. साध्या वळणांतही तिला वळवितांना एक प्रकारचा निखळ आनंद असतो, आणि तो आनंद वेगाचा नसून नेमकेपणाचा असतो. वेगाचा आनंद तिच्याकडून रस्त्यावर घेतांच येत नाहीं. २०१३ पासूनच्या जीटी३ चें इंजिन मिनिटाला ९००० फेरे घेतें. पण ते पुरते घ्यावयाचे तर दुसऱ्याच गिअरमध्यें गाडी ताशीं शंभर किलोमीटर ओलांडते. मुंबई-पुणें द्रुतगतिमार्गाच्या सपाट भागांतील मर्यादाही तेवढीच आहे! ज्या सामर्थ्यासाठीं गाडी घेतली तें सामर्थ्य रस्त्यावर कायम म्यानांतच ठेवावें लागतें.

कारखान्यालाही हें ठाऊक आहे. २०१७ मध्यें पोर्शेनें जीटी३ ची एक निराळी तऱ्हा काढली. इंजिन तेंच, पण पाठीवरचा मोठा पंख काढून टाकलेला, अंतर्भाग सौम्य, आणि गिअर हातानें बदलावयाचे. नांव दिलें ‘टूरिंग’. १९७३ सालच्या १३०८ गिऱ्हाइकांनीं दिलेला कौल कारखाना चव्वेचाळीस वर्षांनींही विसरला नव्हता.

तात्पर्य, अशी गाडी रोज वापरतां येते; पण एका अटीवर. हलकी व चपळ करण्यासाठीं कारखानदारानें तिच्यांतून जें जें काढून घेतलें, तें तें मालकाला आपल्या पदरचें घालावें लागतें. मऊपणा काढला आहे. तेथें त्यानें सहनशीलता घालावी. टायरांच्या खोल खांचा काढल्या आहेत. तेथें त्यानें रोजच्यासाठीं सामान्य टायरांचा दुसरा संच ठेवावा, आणि पाऊस दिसतांच वेग कमी करावा. चुका पोटांत घालणारा स्वभाव काढला आहे. तेथें त्यानें अवधान घालावें. वेगाची तहान अनावर झाली तर ती बंदिस्त मार्गावर भागवावी. तेथें समोरून दूधवाल्याची सायकल येत नाहीं, कीं चेंडूमागें धांवणारें मूल येत नाहीं. ज्याच्यापाशीं ही पदरमोड करण्याची तयारी आहे, त्याच्या दारांत शर्यतीचा घोडा सुखानें उभा राहील आणि सांगितलें तर बाजारालाही जाईल. ज्याच्यापाशीं ती नाहीं, त्यानें टांग्याचाच घोडा ठेवावा. त्याची चाल धीमी असली तरी घरीं माणसें वाट पाहत असतात, आणि तो त्यांना वेळेवर पोंचवितो.